जास्त वाढ

फार पूर्वी एका गावात तांब्याचे हंडे घडवून घेणाऱ्या एका मालकाकडे दोन भाऊ कामाला होते. थोरला हंडे घडवायचा, धाकटा भाता ओढायचा. एका तापात थोरला गेला. दहा दिवसांनी धाकट्याने भावाचा हातोडा उचलला आणि तोच हंडे घडवू लागला. भात्यावर दुसरा माणूस आला. मजुरी मात्र धाकट्याला भात्याचीच मिळत राहिली.

तेवढ्या मजुरीत घर चालेना. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमच्यावर किती भार टाकू? दोन-तीन दिवसांत काही जमलं नाही, तर लेकराला घेऊन मी माहेरी जाते." धाकट्याच्या मनात आलं, भाऊ गेलाच होता, आता भावाचं लेकरूही जाणार.

दुपारी सगळे कारागीर मालकाच्या ओसरीवर जेवत. मालकीणबाई वाढत. धाकटा मान खाली घालून पुटपुटला, "मालक, आता थोडं वाढलं पाहिजे."

"अगं, ऐकलंस का? पोराला वाढ!" मालक ओरडला. ताटात भाकरी पडली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने पुन्हा धीर केला. "मालक, कालचं ते... मला जरा जास्त वाढ हवी होती."

"जास्त वाढ म्हणतोय गं!" आता दोन भाकऱ्या पडल्या.

शेजारचा म्हातारा कारागीर हसून म्हणाला, "लेका, असाच मागत राहिलास तर हंड्यात मावायचा नाहीस!"

तिसऱ्या दिवशी धाकटा पाटावर बसलाच नाही. उभ्यानेच म्हणाला, "मालक, आज आधी बोलतो, मग जेवतो. मला मजुरी वाढवून पाहिजे."

मालकाने चेहरा पाडला. "तुझा भाऊ गेला, आम्हालाही वाईट वाटतं रे. जा, एक धोतरजोडी घेऊन जा."

धोतरजोडी घेऊन गप्प बसणं सोपं होतं. पण धाकटा म्हणाला, "भावासाठी मी घरी रडतो, मालक. इथं कामाचं बोलतो. हंडे मी घडवतो, तर घडवणाऱ्याची मजुरी द्या. नाहीतर उद्यापासून हातोडा तुम्ही धरा."

मालक सावरत म्हणाला, "अरे, मग हे पहिल्याच दिवशी नाही का सांगायचं? मला कसं कळणार?"

मालकीणबाईंनी भाकरीची टोपली खाली ठेवली. "यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं हो. भाकरी स्वस्त पडते, म्हणून मला वाढायला सांगत होते!"

सगळी ओसरी हसली. मालकही ओशाळून हसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आजपासून घडवणाऱ्याची मजुरी."

धाकटा न जेवताच घरी पळाला. वहिनी गाठोडं बांधत होती.

"सोडा ते, वहिनी," तो म्हणाला. "या घरात अजून एक हंडे घडवणारा आहे."

तात्पर्य: हक्काचं मागताना त्याचं नाव घेऊन मागावं; आडून मागितलं, की ऐकणारा सोयीचं तेवढंच ऐकतो.