राजाहून चिवट पाहुणा

शिकारीच्या निमित्ताने राजा दुर्जयसेन ऐनवाडीत उतरला आणि उठायचं नावच घेईना! शिकार राहिली बाजूला. लवाजम्याने गावातल्या कोंबड्या फस्त केल्या, मग बकऱ्यांकडे मोर्चा वळवला. आता पेरणीसाठी राखलेल्या नाचणीवर आचाऱ्याची नजर पडली. हे बियाणं गेलं की अख्खं वर्ष उपाशी, हे धनगराच्या साळूला लख्ख दिसत होतं. पाटील मात्र नुसते मुजऱ्यावर मुजरे घालत होते.

शेवटी तीच तंबूपुढे जाऊन उभी राहिली. "महाराज, कवा निघताय?"

दरबारी टरकले. राजाने निवांत ढेकर दिला. "माझ्याहून चिवट पाहुणा दाखव, त्याच दिवशी निघतो!"

"चला की मग रानात!"

साळूने त्याला एका ऐनाच्या झाडाखाली नेलं. फांदीवर मुंग्यांचं माठाएवढं तपकिरी घरटं होतं. त्याला पाडलेल्या भोकातून एक विटकरी पक्षी बाहेर आला आणि शेपटी टेकून खोडाला चिकटला.

"ह्यो सुतार पक्षी, महाराज."

"थापा मारतेस! सुतार सोनेरी पाठीचा, लाल तुऱ्याचा असतो."

"त्यो येगळा. ह्यो तांबूस सुतार. पंखावर काळ्या रेघा बघा. डोळ्याखाली लाल डाग, म्हंजी ह्यो बाप्या! घर मुंग्यांचं, भोक पाडनार ह्यो. तितंच अंडी, तितंच पिल्लं. आन् जेवनार काय? त्याच मुंग्या!"

"आणि मुंग्या चावत नाहीत?"

"चावत्यात की! शेपटीला बघा, चावल्याल्या मुंग्यांची मुंडकी चिकटल्याती! पर पाव्हना हलतोय व्हय? कातडी लई जाड!"

मागून आलेल्या दरबाऱ्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. राजा हट्टाला पेटला. "हॅ! हा काही माझ्याहून चिवट नाही!"

"बरं. ह्यो जास्ती चिवट असंल, तर दिल्या शब्दापरमानं निघा. तुमी जास्ती असाल, तर तसं सांगा. पाटील आजच दवंडी पिटवत्याल: 'मुंग्या खानाऱ्या पाखरापरीस आमचे महाराज बिनलाजे!'"

राजाने पक्ष्याकडे पाहिलं, साळूकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटला. "उचला रे तंबू! नाचणीला हात लावाल तर खबरदार! आणि या पोरीला माझ्या दोन दुभत्या म्हशी बक्षीस!"

"त्या म्हशी आमच्याच हायती, महाराज!"

"मग माझा घोडा घे, बाई, पण मला जाऊ दे!"

आणि राजा हसत हसत पायीच राजधानीच्या वाटेला लागला.