पाणी बेबीचं

घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी थांबवलीत तर उजव्या हाताला काळ्या कातळात एक फट दिसेल. फटीतून करंगळीएवढी धार पडते, खाली दगडी डोणी आहे. वैशाखात आसपासचे ओढे नुसते दगड दाखवतात, पण ही धार चालूच असते. हिला बेबीचा झरा म्हणतात, तशी पाटीही लावलेली आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, पाटी रंगवणाऱ्याचा हात चुकला, 'देवीचा' लिहायचं ते 'बेबीचा' लिहून गेला. हात चुकलेला नाही. नाव तेच आहे.

तसं पाहिलं तर आपल्याकडे गावोगाव बेब्या आहेत. बेबीताई आहेत, बेबीवहिनी आहेत, कवळी लावून नातसुनांवर डाफरणाऱ्या बेबीआज्या आहेत. आता तर बाजारात मक्याच्या कोवळ्या कणसालाही बेबी म्हणतात. झऱ्याच्या या शेवरमाळ गावात मात्र एकही बेबी सापडायची नाही. आरोग्य केंद्रातली नर्सबाई पाळण्यात डोकावून "बेबी छान आहे हं" म्हणाली, की घरची म्हातारी लगेच टोकते, "नाव घ्या, बाई." आणि नाव असतंच. इथे बारशाची वाट बघत नाहीत. नाळ कापायच्या आधी सुईण आईच्या तोंडाला कान लावते आणि आई सांगेल ते नाव मोठ्याने उच्चारते. बारसं पुढे होतं, पण ते घुगऱ्या खाण्यापुरतं.

ही रीत कशी पडली, ते असं सांगतात.

साहेबाचं राज्य होतं. घाट फोडून रस्ता काढायला एक साहेब आला आणि वरच्या माळावर बंगला बांधून राहिला. बंगल्याला जागा निवडली ती नेमकी गावाच्या झऱ्याला लागून. आधी कुंपण आलं, मग गडगा आला, मग लोखंडी फाटक आलं. पिढ्यान्‌पिढ्या गाव ज्या झऱ्यावर जगलं तो एका घराच्या परसात गेला. बायकांना पाण्यासाठी खाली नदीवर उतरावं लागू लागलं. उतरताना बरं, पण भरली घागर घेऊन चढताना जीव मेटाकुटीला यायचा. एक गरोदर बाई त्या चढणीवर घसरली, तिचं मूल गेलं. तेव्हापासून गावातल्या बायका फाटकाकडे बघून थुंकायच्या.

त्याच गावात ठकू नावाची एक सून होती. नवरा रस्त्याच्या कामावर, घाटाच्या पार पलीकडच्या टोकाला, सुरुंगाची भोकं पाडायला गेलेला, घरी सासू गोजाबाई आणि पदरात नुकतीच झालेली मुलगी. बाप आल्याशिवाय बारसं करायचं नाही म्हणून पोरीला अजून नाव नव्हतं. तान्ही, बाळी, चिमणी, जे तोंडाला येईल ते.

ठकूचा थोरला भाऊ हैबती बंगल्यावर खानसामा होता. साहेबाची भाषा त्याने ऐकून ऐकून उचलली होती, आणि ती येते म्हणून गावात तो छाती काढून चालायचा. एक दिवस तो धापा टाकत बहिणीच्या दारात आला. मडम बाळंत झाली होती आणि तिला दूधच उतरत नव्हतं. पोरगी रडून रडून निळी पडली होती.

"ठके, चल माझ्यासंगं. तुला दूध हाय," हैबती म्हणाला.

गोजाबाई जात्यावरून उठलीच नाही. "गोऱ्या पोरीला काळ्या बाईचं दूध चालंल व्हय रं?"

"दुधाला रंग असतोय का आत्या? ते कुणाचंबी गोरंच असतंय."

ठकूला हसू आलं. पण ती हुशार होती. ती म्हणाली, "दादा, येते मी. दूध देते. पण त्यांनी पाणी सोडावं. झरा गावाला मोकळा करत्यात का इचार. माझ्यासमोर इचार, माझ्यासमोर त्यांनी हो म्हणावं."

"इचारतो की," हैबती म्हणाला.

बंगल्याच्या व्हरांड्यात मडम वेताच्या खुर्चीत बसली होती, ओढलेली, पांढरीफटक. ठकूने तिची पोर छातीला लावली तशी ती पोर जळूसारखी चिकटली. मडमेचे डोळे भरून आले. हैबतीने तिला तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. मडमेने मान हलवली आणि नोकरांशी बोलायच्या मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाली, "पानी बेबी का. सब पानी बेबी का."

"बेबी कोण?" ठकूने विचारलं.

मडम पुढे वाकली. ठकूने सोबत आणलेल्या, कडेला फडक्यात निजलेल्या तिच्या पोरीचा गाल तिने बोटाने हलकेच दाबला आणि म्हणाली, "बेबी! बेबी!"

ठकूने भावाकडे पाहिलं. हैबती म्हणाला, "झालं की मग. पाणी बेबीचं म्हणाली ना?"

ठकू घरी आली ती उडतच आली म्हणे. मडमेने पोरीला नाव ठेवलं आणि झरा तिच्या नावाने दिला! गोजाबाईला नाव रुचलं नाही. "बेबी म्हंजी काय गं? शेळीनं शिंकल्यावानी वाटतंय." पण दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडं होतं. हैबती किल्ली हातात घेऊन उभा होता आणि बायकांना म्हणत होता, "भरा, भरा, बिगीबिगी भरा." मग गोजाबाईनेही नातीला मांडीवर घेऊन हाक मारली, "बेबे, माझे राणी!"

गावाने ठकूला डोक्यावर घेतलं. पाण्यावर पहिली घागर तिची. कुणाच्या घरी गोडधोड झालं तर वाटी तिच्याकडे. ठकू रोज बंगल्यावर जायची. मडमेचा हुकूम असा की आधी तिची पोरगी, मग उरेल ते दुसरीला. फारसं काही उरायचं नाही. ठकूची पोर नाचणीच्या पेजेवर आणि शेळीच्या दुधावर राहिली. गोरी पोर बाळसं धरू लागली, आणि हिच्या हातापायांच्या काड्या झाल्या, पोट तेवढं पुढे आलं. शेजारणी हळहळायच्या, तर ठकू म्हणायची, "तिच्या नावावर अख्ख्या गावाचं पाणी हाय. थोडं सोसंल माझी बाय."

बंगल्यावर राहून राहून एक गोष्ट मात्र तिला कळेना. साहेब कामावरून आला की बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तिलाच "बेबी" म्हणायचा. टोपलीत एक केसाळ कुत्रं होतं, मडम त्याचं नाक कुरवाळून त्यालाही "बेबी" म्हणायची. ठकूने स्वयंपाकघरात भावाला गाठलं.

"दादा, ह्यांच्याकडं नावांचा दुष्काळ पडलाय का रं? पोरगी बेबी, आई बेबी, कुत्रं बेबी. उद्या साहेबाला बेबी म्हणाली तर मी फस्सकन हासंन हां."

हैबतीने कढई घासता घासता मान वर केली नाही. "मोठ्या लोकांची तऱ्हा असती ठके. तू आपलं दूध पाज."

तेव्हा सांगितलं असतं, तरी पुढचं टळलं असतं. पण तो बोलला नाही.

गोरी पोर रांगू लागली, मऊ भात खाऊ लागली. एक दिवस मडमेने ठकूला लुगडं दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि उद्यापासून यायला नको असं खुणेने सांगितलं. ठकूला वाईट वाटलं. दूध पाजलेलं मूल, जीव लागतोच. पण मनात म्हणाली, आता माझ्या पोरीला पोटभर मिळेल.

दुसऱ्या दिवशी बायका घागरी घेऊन गेल्या, तर फाटकाला कुलूप.

घटकाभर त्या थांबल्या. मग ठकूच्या दारात आल्या. "काय गं ठके, बेबीचं पाणी ना? का दूध आटलं तसं पाणीबी आटलं?" एकीने तर घागर तिच्या उंबऱ्यात आपटून फोडली.

ठकूने पोरीला कडेवर घेतलं आणि थेट बंगला गाठला. बायका मागे मागे आल्या आणि गडग्याशी उभ्या राहिल्या. मडम व्हरांड्यात होती, हैबती तिच्यापुढे चहा ठेवत होता. ठकू पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी बेबीचं, असं तुमी बोलला होता. ही बेबी. हिचं पाणी हिला द्या."

मडमेला काही उमगेना. तिने हैबतीकडे पाहिलं. हैबती थोडं बोलला, मडम थोडं बोलली, आपल्या पोरीकडे बोट दाखवून गोंधळल्यासारखी हसली.

"काय म्हंती?"

"ठके, बेबी हे नाव न्हाई." हैबतीचा आवाज खाली गेला. "आपण तान्ही म्हणतो, बाळ म्हणतो, तसं ते. कुणाच्याबी पोराला म्हंत्यात. लाडानं बायकोलाबी म्हंत्यात."

"मग माझ्या पोरीचा गाल धरून काय म्हणाली?"

"तेच. बाळ म्हणाली. नुसतं बाळ."

"आणि पाणी? माझ्यासमोर हो म्हणाली ती."

हैबती वळून कपबश्या उचलू लागला.

"दादा, तू तिला त्या दिवशी काय इचारलंस?"

गडग्याशी उभ्या बायकांनीही ते ऐकलं म्हणतात. हैबती म्हणाला, "मी इचारलं, आंघुळीचं पाणी कुणासाठी तापवू."

मग तो भराभरा बोलू लागला. साहेबाने बजावलं होतं, दूधआई मिळाली नाही तर तूही चालता हो. फाटकाची किल्ली त्याच्याकडे, मडम उशिरा उठते, साहेब कामावर जातो. सकाळच्या पारी तेवढं फाटक तोच चोरून उघडत होता, ठकूची समजूत राहावी म्हणून. आता गरज सरली, आता कुणी पाहिलं तर त्याची धडगत नाही.

ठकूने ऐकून घेतलं. तिने मडमेला शिव्या दिल्या नाहीत, शापही दिला नाही. जिला पाजलं तिच्या आईला शाप देता येत नाही. ती भावाला म्हणाली, "तिनं मला न्हाई फशिवलं. तिची भाषा तिची. तुला तर माझी भाषा येत हुती."

आणि पाठ फिरवली.

घाट उतरताना दुसऱ्या वळणावर ती थांबली. तिथे तेव्हा नुसता कोरडा कातळ होता. ती कातळाला टेकून बसली आणि पोरीला पदराखाली घेतलं. पोरीने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. पेजेची सवय झालेली, तिला आईची छाती ओळखूच येईना. तेव्हा ठकू रडली. इतके दिवस एका शब्दापायी तिने आपली पोर दुसऱ्या दारात उपाशी ठेवली होती, आणि तो शब्द कुत्र्यालाही चालत होता.

बायका येऊन पोचल्या होत्या. ओरडणाऱ्या होत्या त्याही जवळ सरकल्या. गोजाबाई धापा टाकत आली आणि सुनेजवळ बसली.

ठकूने डोळे पुसले. ना पाळणा, ना आत्याबाई, ना कानात कुर्र. ती पोरीच्या कानाशी वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यांदा म्हणाली, "तुझं नाव हौसा. तू ठकूची हौसा. दुसरी कुणी न्हाईस." मग तळहात कातळावर ठेवला. "आणि बेबी हे नाव ज्याचं हाय त्याला दिलं. पाणी बेबीचं म्हणाले ना? मग पाण्याचंच नाव बेबी. बये, तुझ्या नावानं लबाडी झाली. तू तरी लबाडी करू नगं."

असं सांगतात की त्याच वेळी हौसाने तोंड उघडलं आणि आईच्या छातीला लागली. तिच्या ओठातून दुधाचा एक थेंब ओघळून कातळाच्या फटीत पडला. फट ओली झाली. ओल वाढली, ठिबकू लागली, आणि गोजाबाईच्या हाताखाली धार आली. वर बंगल्यातला झरा त्याच दिवशी आटला. शिकलेली माणसं म्हणतात, सुरुंगांनी डोंगर हलला, पाण्याने वाट बदलली. असेलही. पण डोंगर हलवणाऱ्या साहेबाला ते पाणी परत वर नेता आलं नाही. पखालींनी किती दिवस भागणार? बिऱ्हाड उचलून ते खाली देशावर गेले. बंगल्याचं जोतं तेवढं राहिलं आहे, त्यावर घाणेरी माजली आहे.

हैबतीला त्यांनी बरोबर नेलं नाही. तो गावातच राहिला, मान खाली घालून. पहिला उन्हाळा आला तेव्हा घागर घेऊन झऱ्यावर आला. बायकांनी वाट अडवली. ठकू डोणीपाशी होती. हैबती लांबूनच म्हणाला, "ठके, पाणी दे. घरी बाळ तान्हेलंय."

"कुठलं बाळ?" ठकूने विचारलं. "गावात बाळं लई हायती."

हैबतीने घागर खाली ठेवली. मग म्हणाला, "माझा लेक. शिदू. शिदू हैबती."

"अस्सं नाव घ्यावं," ठकू म्हणाली. तिने आपल्या हाताने घागर भरून दिली. दर वेळी भरून दिली, मरेपर्यंत. पण त्याला दादा म्हणून हाक मारली नाही, आणि भाऊबीजेला त्याच्यासाठी पाट मांडला नाही.

आजही हैबतीच्या घरची बाई या झऱ्यात स्वतः घागर बुडवत नाही. काठाशी उभी राहते. जी कोणी पाण्यावर असेल ती भरून देते आणि भरताना विचारते, "कुणासाठी?" नुसतं "घरासाठी" म्हटलेलं चालत नाही. घरातल्या एकेकाचं नाव घ्यावं लागतं. त्या घरात नवी सून आली की बायका मुद्दाम गर्दी करतात, कारण तिला नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं, तेही उखाण्यात न गुंफता, सरळ. सून लाजते, बायका खिदळतात, पाणी भरलं जातं.

नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपल्याकडे रीत आहे. त्या घरात शिदू झाले, शिदूचे नातू शिदू झाले. आजही तिथे बाई बाळंत झाली की सुईण तिच्या तोंडाला कान लावते आणि ती जे सांगेल ते नाव मोठ्याने उच्चारते. पण हैबती हे नाव त्या घरातल्या एकाही आईच्या तोंडून अजून आलेलं नाही.