ठकूचं गवत

इथून, या कडेच्या पायवाटेवरून नीट बघा. उतार वरपासून पिवळा, गुळगुळीत आहे. मधे त्याला पोट सुटलंय, म्हणून माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला खालचं काही दिसत नाही. आणि अगदी खाली, कड्याच्या अलीकडे, वीस पावलं रुंद असा एक पट्टा आहे. तिथलं गवत छातीला लागतं. ते कोणी कापत नाही. रिसॉर्टचे साहेब दर कार्तिकात मला विचारतात, बुधाबाबा, निदान अर्धं काढूया का, स्पर्धकांना धाव कमी पडते. मी दर कार्तिकात नाही म्हणतो. पायाला चाकांच्या पट्ट्या बांधून गवतावरून घसरायची स्पर्धा असते इथं, लांबलांबून पोरं येतात. फाटकावर वेळा लिहून लावल्यात. सकाळी स्पर्धक, दुपारी पाहुणे, आणि चारनंतर गाववाले, तेही पास दाखवून. डोंगर आमचा, पास त्यांचा. असो, तुमच्यावर कशाला राग काढू. बसा जरा, त्या पट्ट्याची गोष्ट सांगतो. मला माझ्या आजानं सांगितली, त्याला त्याच्या आजानं.

फार पूर्वी हा उतार कोणाच्याच वेळेचा नव्हता. दसरा झाला, गवत वाळलं, की अख्खा गाव इथं घसरायला यायचा. घाटाखालून मिठाचे बैल वर येत, त्यांच्याबरोबर पोफळीच्या विऱ्या येत. विरी म्हणजे झावळीचा रुंद बुंधा, सुकला की परातीसारखा होतो. त्यावर बसायचं आणि सोडून द्यायचं. पोरं घसरत, म्हातारे घसरत, एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या सासवाही घसरत, असं सांगतात. खाली ते उंच गवत होतंच. घसरत आलेलं माणूस त्यात शिरायचं आणि आपोआप थांबायचं. ते गवत देवीचं. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत त्याला विळा लावायचा नाही, आणि लावायचा तो एकाच घरच्या बाईनं, असा रिवाज होता. दिवाळी आली की रोजची पहिली घसरण माहेरवाशिणींची. सणाला आलेल्या लेकी एकमेकींच्या कमरेला धरून, माळ करून आधी उतरायच्या, मग बाकीचे.

तर एका वर्षी पावसाळ्यानंतर कोणी एक सरदार हवा खायला डोंगरावर आला. त्याचं नाव आम्ही घेत नाही, घेतलं तर त्याला मोठेपणा मिळेल. त्यानं ही घसरण पाहिली आणि तो हरखून गेला, म्हणे. म्हणाला, शर्यत लावा. जो आधी खाली पोचेल त्याला मानाचा फेटा आणि वर्षभर त्याच्या गावाला पंचक्रोशीच्या पंगतीत पहिलं पान. आमच्या गावाला तोवर कोणी कुत्रंही विचारत नव्हतं. पहिल्याच वर्षी फेटा आमच्या येसूनं जिंकला आणि गावाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

सुरुवातीला सगळं बरं होतं. सकाळी शर्यत, दुपारपासून गाव. पण सगळा गाव घसरला की गवत विस्कटतं, उताराला खाचा पडतात. शर्यतीची पोरं कुरकुरायला लागली. मग गावाला फक्त संध्याकाळ उरली. पुढच्या वर्षी आठवड्यातला एक दिवस. त्याच्या पुढच्या वर्षी माथ्यावर दोरच बांधला. शर्यत संपल्याचा नगारा खालून वाजला की दोर सोडायचा आणि मग गावानं घसरायचं, असं पंचांनी ठरवलं. सरदारानं जबरदस्ती केली असं समजू नका. दोर आमच्याच माणसांनी वळला होता, गाठही आमच्याच माणसांनी मारली.

ज्या घरच्या बाईनं देवीचं गवत राखायचं, ती तेव्हा ठकू होती. विधवा बाई, दोन लेकरांची आई. थोरली मथी, लग्न होऊन दोन घाट पलीकडे गेलेली. धाकटा येसू, फेटेवाला. चौथ्या वर्षी शेजारच्या गावाचा एक गडी असा तयार झाला की आखूड धावेत येसू त्याला हरणार हे सगळ्यांना दिसत होतं. येसू अंगानं जड. लांब धाव मिळाली तरच त्याचं वजन कामी यायचं. आणि धाव लांबवायची तर जागा एकच होती, देवीच्या गवताची.

येसूनं आईला विचारलं. ती नाही म्हणाली. मग लखमा पाटील आला, मग पंच आले. सरदाराचा निरोप आला की काळजी नको, माझं शिकारीचं जाळं देतो, बारा गडी ते कड्यावर धरून उभे राहतील, एक माणूस खाली जाणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठकू तेव्हा लेकाला जे बोलली ते आमच्याकडे अजून सांगतात.

"येसू, जाळं शर्यतीपुरतं आसतं रं. गवताला कोण घसरतंय ते कळत न्हाई, ते समद्यांस्नी धरतं."

येसू म्हणाला, "आये, एकडाव काप. पुन्यांदा न्हाई मागायचा."

शेवटी आईच ती. तिनं पाटलाकडून कबूल करून घेतलं की शर्यत झाली की या वर्षी कोणी घसरायचं नाही, दोर तसाच राहील, माथ्यावरच्या लोकांना आधीच तसं सांगायचं. पाटील हो म्हणाला. आदल्या संध्याकाळी ठकूनं विळा घेतला आणि गवत कापलं. कापताना ती रडत होती असं काही जण सांगतात. माझा आजा म्हणायचा, रडली नसेल, तिचा पाटलाच्या शब्दावर भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. येसू विरीवर बसून आला तो थेट जाळ्यात, दुसरा गडी चार हात मागे. नगारा वाजला. सरदारानं स्वतः फेटा बांधला. लोकांनी येसूला खांद्यावर घेतलं आणि त्याच्या आईला मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं घातलं. सरदाराचा मुक्काम हलणार होता, म्हणून त्याच्या माणसांनी जाळं गुंडाळून नेलं. त्यांचंही काही चुकलं नाही, जाळं त्यांचंच होतं. निघताना ठकूनं पाटलाला विचारलं, वरच्यांना सांगितलं ना? पाटील म्हणाला, सांगितलंय. त्यानं कोतवालाला सांगितलं होतं, कोतवालानं आणखी कोणाला, आणि तो आणखी कोणी शर्यत बघायला केव्हाच खाली उतरला होता. आमच्या गावात 'सांगितलंय' या शब्दावर आजवर कोणी विश्वास ठेवत नाही, ते त्या दिवसापासून.

माथ्यावर बायका, म्हातारे आणि पोरं होती. महिनाभर दोराच्या अलीकडे बसून कंटाळलेली. खालून नगारा ऐकू आला. नगारा वाजला की दोर सोडायचा, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी दोर सोडला. रिवाजाप्रमाणे माहेरवाशिणी पुढं झाल्या. पाच जणी. मथी, सारजा, ठमा, रखमी आणि चिमी. मथी सगळ्यात पुढं बसली, कारण तिच्या भावानं फेटा जिंकला होता. एकमेकींच्या कमरा धरल्या आणि सुटल्या. पुढं बघायची त्यांना सवयच नव्हती. आज्या-पणज्यांपासून खाली गवत होतं.

मिरवणुकीतल्या लोकांनी वरून हसण्याचा आवाज ऐकला, म्हणे. नेहमी तो गवतात शिरल्यावरही बराच वेळ चालू राहायचा. त्या दिवशी एकदम थांबला. ढोल वाजत होते, तरी ठकूला तेवढं कळलं.

पाचही जणी कड्याखाली सापडल्या. दोघींचे हात एकमेकींच्या कमरेला तसेच होते.

ठकूनं कोणाला शिव्या दिल्या नाहीत, पाटलालाही नाही. तिनं लेकीला पोचवलं आणि ती वर आली, कापलेल्या गवताच्या जागी, कड्याकडे पाठ करून बसली. येसू पाया पडायला गेला. तिनं पाय मागे घेतले.

"म्या हितं बसती, गवत उगवंस्तवर," ती म्हणाली. "वरच्यांस्नी दिसत न्हाई. तू सांगत जा."

कार्तिकात कापलेलं गवत आषाढाशिवाय उगवत नाही. तेवढे महिने ती बसून होती, असं सांगतात. थंडीत बसली, उन्हाळ्यात बसली. गावातल्या सुना भाकर आणून ठेवायच्या, कधी खायची, कधी पाखरं खायची. भाद्रपदात गवत छातीएवढं झालं आणि ठकू त्यात दिसेना. कड्याखाली शोधलं, रानात शोधलं. गवतात एक जागा कोणी बसून उठावं तशी दबलेली होती, एवढंच सापडलं.

आता तुम्हाला वाटेल, गावानं शर्यत बंद केली असेल. नाही केली. पुढच्या कार्तिकात सरदाराचा निरोप आला आणि गावानं हो म्हणून कळवलं. पहिल्या पानाची चटक लागली होती. पाच घरचे लोक तेवढे पंगतीला बसेनासे झाले. सरदाराच्या माणसांनी पुन्हा धाव लांब करायला गवत कापलं. सकाळी बघतात तर ते उभं. दुसऱ्या दिवशी कापलं, पुन्हा उभं. तिसऱ्या दिवशी सरदारानं तंबू आवरले, तो परत या बाजूला फिरकला नाही.

येसू पुन्हा विरीवर बसला नाही. तो दर वर्षी दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत सकाळी त्या गवतात जाऊन उभा राहायचा आणि वर हाक द्यायचा, "गवत हाये!" ती ऐकली की मगच वरचे सुटायचे. चाळीस वर्षं त्यानं हाक दिली. म्हातारपणी तर वर कोणी नसलं तरी द्यायचा, भर वैशाखातसुद्धा. लोक त्याला वेडा म्हणायचे. म्हणणाऱ्यांत लखमा पाटलाची नातवंडंही होती.

आजही खालून हाक आल्याशिवाय इथं कोणी घसरत नाही. स्पर्धक असो, पाहुणा असो, साहेब असो. आत्ता त्या गवतात माझी सून उभी आहे, सकाळी सातपासून. रिसॉर्टनं एकदा तिच्या जागी भोंगा लावायचं म्हटलं होतं. मी विचारलं, भोंग्याला गवत दिसतं का? तेव्हा कुठं त्यांनी तो बेत सोडला. थोड्या वेळानं ती हाक देईल. पाहुण्यांना गंमत वाटते, टाळ्या वाजवतात. तुम्ही वाजवू नका. मथीला ती हाक कोणी दिली नव्हती.