आलेफचा उच्चार

"मग माझं चुकलं काय, तेवढं सांगा."

अब्नेर चपला न काढताच आत आला होता. हनोखकाका विळीवर नारळ खवत होते. आमच्या सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे हज्जान तेच. अब्नेरला पहिलं हिब्रू अक्षर गिरवायला शिकवलं, तेही त्यांनीच.

"काही चुकलं नाही. उच्चार तुझाच बरोबर होता."

"मग उद्याचं तोरावाचन का काढून घेतलंत? महिनाभर घोकतोय मी."

काका खवत राहिले. करवंटी लागायला लागली, तरी थांबले नाहीत.

जेरुसलेमला दोन वर्षं शिकून आल्यापासून अख्ख्या इस्रायल आळीचा घसा बिघडलाय, असं अब्नेरचं मत होतं. गेल्या शनिवारी रूबेनभाऊ कद्दीश म्हणायला उभे राहिले. मेलेल्या बापासाठी मुलाने म्हणायची ती प्रार्थना. इथे बाप म्हणत होता. त्यांचा मुलगा योएल जाऊन वीस दिवस झाले होते. हातातली वही योएलनेच त्यांना मराठीत उतरवून दिलेली. हिब्रूत आलेफ आणि अयिन ही दोन वेगळी अक्षरं; मराठीत आलेफलाही अ आणि अयिनलाही अ.

"बेअल्मा..."

"अयिन घशातून काढा," अब्नेर बाकावरून म्हणाला.

रूबेनभाऊंनी पुन्हा म्हटलं. त्याने पुन्हा टोकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी वही मिटली आणि खाली बसले.

"चुकलं की तिथल्या तिथे टोकायचं, हे तुम्हीच शिकवलंत, काका."

"तोरा वाचताना. ते तोरा वाचत होते?"

"अक्षर तेच ना? अयिन म्हणजे डोळा. डोळा फोडून पुढे जायचं?"

काकांनी विळी आडवी केली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुझं वाचन मी काढलं नाही. तोराची पोथी उघडायला दहा पुरुष लागतात. रूबेनभाऊ घराबाहेर पडत नाहीत. राहिलो नऊ. तू भिंतींना ऐकवणार?"

"म्हणजे ते रुसणार आणि खापर माझ्यावर."

"ते रुसले नाहीत. मुलाचं कद्दीश आपल्या तोंडून बाटतं, असं म्हणतात. म्हणणारच नाही म्हणतात."

"गेल्या शनिवारी त्यांना आमेन द्यायला आपण किती होतो?" काकांनी विचारलं.

"नऊ."

"पहिल्या ओळीला मी आठच आमेन ऐकले."

अब्नेरची मान आणखी ताठ झाली. मग तो हळू म्हणाला, "पुढच्या शब्दात अयिन येणार होतं. माझं लक्ष तिकडे होतं."

"हं."

बाहेर कुणीतरी कोळणीशी बांगड्यांवरून वाद घालत होतं. काकांनी बोटांना चिकटलेलं खोबरं ताटात झटकलं.

"आमेनचं पहिलं अक्षर कुठलं?"

"आलेफ."

"नुसत्या आलेफचा उच्चार?"

"मला आता बाराखडी विचारणार?"

"विचारतोय."

"त्याला आवाज नाही. स्वराची खूण नसेल तर नुसतं तोंड उघडायचं."

"करून दाखव."

अब्नेर रागाने लाल झाला होता. तरी त्याने तोंड उघडलं. काका बघत राहिले. तोही बघत राहिला. मिटायचं कधी, ते कुणी सांगितलं नव्हतं...

बऱ्याच वेळाने त्याची नजर खाली गेली.

"जमतंय," काका म्हणाले. "आता रूबेनभाऊंच्या दारात जा, आणि एवढंच वाच."