कुम्बाने सोडवलेलं जाळं

एका राज्यात, नदी समुद्राला मिळता मिळता दमून जिथं आडवी पसरते, तिथं कुम्बा नावाची जाळी विणणारी बाई राहत होती. तिच्या जाळ्याला अंगठा जाईल एवढी भोकं असत, पिल्लं सुटावीत म्हणून. मासळी अंडी घालते तो विणीचा महिना आला की सारं गाव जाळी वाळत टाकी आणि खाजणात, खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, भात लावी.

पण राजा फोदेला धीर म्हणून नव्हता! बाराही महिने त्याला ताटात मासा हवा. त्याच्या जादूगाराने कुम्बाला मंतरलेलं सूत दिलं नि फर्मावलं, "राईचा दाणासुद्धा अडकला पाहिजे." राजाचा हुकूम, काय करणार बापडी! तिने विणलं.

जाळं ओढायला आड येते म्हणून राजाच्या माणसांनी काठची खारफुटी तोडली. खारं पाणी भातात शिरलं. जाळ्याने खाडी खरवडून काढली, आणि तिसऱ्या वर्षी प्रत्येक मासा काठाला लागताच चांदीचा होऊ लागला. राजाचं कोठार भरलं, गावच्या चुली विझल्या. जाळं कापलं जाईना, वर निघेना.

"अमावास्येला गाव सोडायचं," नवरा देंबा होडीत बोचकी टाकत म्हणाला. "तूही चल."

"जाळं माझ्या हातचं. मी कुठल्या तोंडाने येऊ?" कुम्बा म्हणाली.

तेव्हा खुंटावरचा खंड्या बोलला. त्या राज्यात पक्षी बोलत.

"तीन कामं आहेत, बाई. ज्या बोटांनी गाठी मारल्या, त्यांनीच सोड. काठाला खारफुटी लाव. आणि पहिला जिवंत मासा हाती येईल, तो खाऊ नकोस, जाऊ दे."

कुम्बा कंबरभर पाण्यात उभी राहून नऊ दिवस गाठी सोडवत होती. नखं गेली. मग चिखलात रांगत तिने रोपं लावली. रोप लागे तिथून खारं पाणी पाऊलभर मागे सरे. तिचे हाल देंबाला बघवेनात. तोही चिखलात उतरला.

"अहो, होडी?"

"राहू दे होडी."

कुम्बा इतकी थकली होती, की कुणावर रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

अमावास्येला तिच्या ओंजळीत मासा आला. जिवंत, पोटात अंड्यांची गाभोळी. सारं गाव धावलं. "अगं, चुलीवर ठेव!" कुणी ओरडलं. देंबाने मान फिरवली. कुम्बा ढसाढसा रडली. भूक तिलाही होतीच की! आणि तिने ओंजळ उघडली.

त्याच क्षणी कोठारातली चांदी पुन्हा मासळी झाली. तीही वर्षाची शिळी! असा घाण वास सुटला म्हणता, की जादूगार नाक दाबून जो पळाला तो सीमेपार. राजाचे डोळे उघडले; तो अनवाणी काठावर आला.

"माग, काय हवं ते."

"महाराज, विणीचे अजून वीस दिवस आहेत. गाव भुकेलं आहे, कुणीतरी जाळं टाकेल. मला आता उभं राहवत नाही. राखणीला तुम्ही बसा."

राजा चिखलात बसला. जाळी घेऊन आलेले लोक त्याला बघून थबकले आणि भात लावायला परतले. विसाव्या दिवसापर्यंत तो उपाशीपोटी तिथंच बसून होता, आणि पायाशी पिल्लांचे थवे खेळत होते.

कुम्बा चटईवर आडवी झाली, ती अजून निजली आहे. कहाणी सरली. हळू उठा हो, तिला जाग येईल.