पडलेल्याची सही

टेकडीवरच्या गोल्फ क्लबात मी खेळाडूंना न्यायची उघडी गाडी चालवायचो. उताराला गाडी कलंडायची, म्हणून म्हणलं, सीटला पट्टे लावा, न्हाईतर मी चालवणार न्हाई.

म्यानेजर दाभाडकर अपघाताचं रजिस्टर घेऊन गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले. "म्हाताऱ्या, दहा वर्षांत एक नोंद नाही! पट्टे कशाला? गाडी काढ, नाहीतर नोकरी सोड."

उताराच्या तोंडाशी नेऊन मी ब्रेक दाबला.

"सायेब, नोंद कोन करतं?"

"ज्याला लागलं त्यानं वर ऑफिसात येऊन सही करायची."

"मंग तुमी आत्ताच करून ठिवा. परवा ह्याच गाडीतनं पडलेला शिरपा दवाखान्यात झोपलाय, त्यो वर कसा येनार?"

सायबांनी खाली बघितलं अन् गाडीची दांडी गच्च धरली.

"गाडी मागं घे बाबा. पट्टे आणतो."