कासवाची मान कुठवर?

सागाच्या एका जंगलात एक म्हातारं कासव राहत असे. जंगलाच्या कामात कुणी कुचराई केली, तर त्याची चौकशी करायची, असं काम प्राण्यांच्या सभेनं त्याच्याकडे सोपवलं होतं. अट एकच : जंगलाचं काम असेल तिथं मान बाहेर काढून सगळं बघायचं, कुणाचं घर आलं की मान कवचात! कासव बिचारं इतकं सरळ, की वाटेत साधं घरटं लागलं तरी मान आत घेऊन चालायचं आणि झाडावर जाऊन आपटायचं.

एका उन्हाळ्यात ससीण रडतच त्याच्याकडे आली. "आजोबा, झऱ्याला पाणीच नाही हो! राखणदार साळिंदर म्हणतं, आटलं. माझी पिल्लं तहानेनं मलूल झालीत." कासव लगबगीनं निघालं, म्हणजे दुपारपर्यंत पोचलं. झरा खरंच कोरडा होता. शेजारीच साळिंदराचं बीळ. कासव तिकडे वळलं, तोच साळिंदर काटे फुलवून म्हणालं, "झरा हवा तेवढा बघा. हे माझं घर आहे. मान आत!"

"चुकलंच माझं," म्हणत कासवानं मान आत घेतली. आता त्या लेकुरवाळीला काय सांगायचं? त्याला अगदी भरून आलं. इतक्यात त्याच्या लक्षात आलं, अरेच्चा, मान आत आहे, पण पाय तर चक्क ओले! बिळाच्या तोंडातून पाणी झिरपत होतं. कासवानं झटकन मान बाहेर काढली. "घर तुझं, बाबा, पण पाणी जंगलाचं. ते जिथवर गेलंय, तिथवर मी बघणार." आणि ओल्या मातीच्या मागोमाग ते थेट आत शिरलं. बघतं तर काय, जमिनीखालून झऱ्यापर्यंत खणलेला चर आणि काठोकाठ भरलेलं डबकं! शिक्षा करायचा अधिकार काही कासवाला नव्हता. त्यानं पाहिलं ते जसंच्या तसं सभेत सांगितलं. सभेनं चर बुजवला, झरा वाहू लागला, आणि ससिणीची पिल्लं पोटं टम्म होईस्तोवर पाणी प्यायली.

ससिणीला मग जोर चढला. "आजोबा, त्यानं कंदमुळं किती दडवलीत, तेही बघा की!" साळिंदराचा चेहरा पडला. पण कासवाची मान केव्हाच कवचात गेली होती. आतून आवाज आला, "ती त्याची स्वतःची आहेत, बाई. तिथं माझं काही काम नाही."

साळिंदराला स्वतःचीच फार लाज वाटली. पुढच्या उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी जरा खाली गेलं, तेव्हा ते आपणहून कासवाकडे आलं आणि म्हणालं, "आजोबा, चला. आधी माझं घर बघा."

तात्पर्य : चौकशी करणाऱ्यानं सर्वांचं काम जिथवर पोचतं तिथवर न भिता जावं, आणि त्यापुढे एक पाऊलही टाकू नये, तरच त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो.